खजुराचा घड आणि अरबांची भाषा

मृगाचा पाऊस वेळेवर झाला की आपण एकमेकांना विचारतो, "काय, यंदा खरीप कसा काय?" हा 'खरीप' शब्द तलाठ्याच्या दप्तरात आहे, सोसायटीच्या कर्जाच्या अर्जात आहे आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडीही होता. इतका तो आपल्या मातीत मुरला आहे की तो परका असेल अशी शंकासुद्धा येत नाही. पण हा शब्द मूळचा अरबी. अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू. आता शरदाला हे नाव का पडले? अरबी कोशकार सांगतात, 'खरफ' म्हणजे झाडावरचे फळ खुडणे, आणि ज्या दिवसांत फळे खुडतात तो 'खरीफ'. फळ कोणते, तर या शब्दाचा अर्थ सांगताना कोशकार जे झाड पुढे करतात ते खजुराचे! फारसी कारभाराच्या वाटेने हा शब्द आपल्या महसुलात आला आणि महसुलातून शेतात उतरला. म्हणजे आपण ज्वारी-बाजरीच्या हंगामाला जे नाव देतो, त्याच्या मुळाशी दूर अरबस्तानातील खजुराची खुडणी आहे.

आज मला तुम्हांला याच झाडाच्या शब्दांची हकिकत सांगायची आहे. खजुराचे झाड, त्याचा घड, घडाचा दांडा, फळाची एकेक अवस्था, एवढेच काय, फळातल्या बीवरचा दोरासुद्धा, या प्रत्येकाला अरबांनी वेगळे नाव दिले. ही नावे का दिली, आणि ती हजार-बाराशे वर्षे टिकली कशी, हा आजचा विषय.

प्रथम एक गैरसमज दूर करू. अरबीत उंटाला हजार शब्द आहेत, सिंहाला पाचशे आहेत, अशा गोष्टी आपण ऐकतो आणि थक्क होतो. पण शब्दांची नुसती मोजदाद करून हाती काही लागत नाही. कोणता फरक दाखवण्यासाठी शब्द केला, हे पाहिले म्हणजे त्या माणसांचे जगणे दिसू लागते. आपण नाही का, एकाच आंब्याला मोहोर, बाळकैरी, कैरी, पाडाचा आंबा अशी नावे देत! ज्याला आंबा केवळ बाजारात भेटतो त्याला एक 'आंबा' शब्द पुरतो. ज्याची बाग आहे त्याला पुरत नाही. अरबांचे खजुराशी असेच बागवानाचे नाते होते.

आधी झाडाची थोडी ओळख करून घेऊ. खजुरात नर वेगळा, मादी वेगळी. झाडाला अरबीत 'नख्ल' म्हणतात, आणि एकच झाड सांगायचे तर शेवटी 'आ' लावून 'नख्ला'. तसेच 'तम्र' म्हणजे खजूर हा माल, आणि 'तम्रा' म्हणजे खजुराचा एक दाणा. नराला 'फुह्हाल' म्हणतात. बी पेरून खजूर लावता येतो, पण मग झाड नर निघेल की मादी हे सांगता येत नाही आणि फळ आईसारखे होईल याचाही भरवसा नाही. म्हणून बागवान जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेला पिलवा काढून लावतात. त्या पिलव्याला 'फसील' म्हणतात. झाड वाढून हात पोचेनासा झाला की ते 'जब्बार' होते, आणि त्याहून फार उंच गेले की 'सहूक'. वरची झावळी ती 'सअफ', तिची पाने 'खूस', पाने काढून टाकलेला देठ 'जरीद', खोडावर उरलेली देठाची बुडखी 'करब', त्यांच्यामधला काथ्यासारखा तंतू 'लीफ', आणि शेंड्यातला पांढरा कोवळा गाभा 'जुम्मार'. कोकणातल्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. माड, झाप, हीर, पोय, सोडण, काथ्या, करवंटी, शहाळे ही त्यांची माडाची भाषा अशीच भरगच्च आहे.

आता फळाकडे येऊ. वसंतात झाडाच्या शेंड्यातून तलवारीच्या म्यानासारखा एक कोश निघतो. तो, किंवा त्यातला तुरा, म्हणजे 'तल्अ'. दहाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या जौहरी नावाच्या कोशकाराने पुढची सारी वाट एका ओळीत मांडली आहे. आधी तल्अ, मग 'खलाल', मग 'बलह', मग 'बुस्र', मग 'रुतब' आणि शेवटी 'तम्र'. खलाल व बलह ही हिरव्या, कच्च्या फळाची नावे. पुढे फळाला पिवळा किंवा तांबडा रंग चढतो, पण ते अजून कडकच असते, तो बुस्र. मऊ, रसाळ झाले की रुतब. आणि झाडावरच सुकून, साखर धरून, वर्षभर टिकण्याजोगे झाले की तम्र. नर-मादीच्या संयोगापासून तम्र तयार होईपर्यंत सहा-सात महिने जातात.

पण बागवानांचे एवढ्यावरही भागले नाही. बुस्राचा रुतब होतो तो काही एका रात्रीत नव्हे. फळावर मऊपणाचा पहिला ठिपका उमटला की ते 'मुवक्कित', कारण 'वक्ता' म्हणजे ठिपका. टोकाकडून पिकू लागले की 'मुझन्निब', कारण 'झनब' म्हणजे शेपूट. निम्मे पिकले की 'मुजज्जा'. दोन-तृतीयांश पिकले की 'हुल्कान'. ऐकताना वाटते, हा केवळ शब्दांचा शौक आहे. पण आपला ज्वारीवाला काय म्हणतो ते आठवा. ज्वारी पोटऱ्यात आली, निसवली, चिकात आली, हुरड्यात आली. चिकातली ज्वारी आणि हुरड्यातली ज्वारी यांत शहरातल्या माणसाला फरक दिसत नाही. पण राखणदार कधी बसवायचा आणि पाहुण्यांना हुरड्याला कधी बोलवायचे, हे त्या फरकावरच ठरते.

आता घड. खजुराचा घड फळांनी लगडून खाली लोंबतो. त्याचे सर्वांत रूढ नाव 'इझ्क'. दुसरे नाव 'किन्व', त्याचे अनेकवचन 'किन्वान'. फळांनी पुरता भरलेला घड म्हणजे 'किबासा'. घडात ज्या बारीक, लांब काड्या असतात आणि ज्यांच्यावर दाणे ओळीने बसलेले असतात, त्या एकेका काडीला 'शिम्राख' म्हणतात, अनेक असतील तर 'शमारीख'. आणि ज्या दांड्याला हा सारा संसार लटकलेला असतो, तो 'उर्जून'.

हा उर्जून शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. फळे उतरवून घेतल्यावर झाडावर राहिलेला दांडा उन्हाने सुकतो, पिवळा पडतो आणि वाकतो. कुराणाच्या छत्तिसाव्या अध्यायात चंद्राच्या कलांचे वर्णन येते, तेथे वद्य पक्षाच्या अखेरच्या बारीक कोरीला जुन्या, सुकलेल्या उर्जूनाची उपमा दिली आहे. ज्याने पहाटे बागेत उभे राहून झाडावरचा तो वाकलेला दांडा आणि त्याच्या मागे आकाशातली कोर एकदम पाहिली आहे, त्याला ती उपमा समजावून सांगावी लागत नाही. 'किन्वान' हा शब्दही कुराणात आला आहे, हाताशी लोंबणाऱ्या घडांच्या वर्णनात.

मदिना हे खजुराच्या बागांचे गाव. तेथली एक हकिकत परंपरेने सांगितली जाते. हंगाम आला की बागवाले एखादा घड आणून मशिदीत टांगून ठेवीत. घरी चूल नसलेला कोणी भुकेला माणूस आला की काठीने चार दाणे पाडून खाई. पण माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच. काही जण चांगला घड घरी ठेवून किडका, अर्धवट वाढलेला घड तेथे नेऊन टांगू लागले. तेव्हा, जे स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही ते दुसऱ्याला देऊ नका, अशा अर्थाची ताकीद कुराणात आली. म्हणजे घड किबासा आहे की रोगट आहे, हा फरक केवळ बागवानाचा राहिला नाही. तो दानधर्माचाही झाला.

श्रोतेहो, येथे आपण मुद्द्यावर येतो. इतके शब्द का लागले? माझे उत्तर असे आहे की ज्या ठिकाणी दोन माणसांचा तंटा होऊ शकतो, त्या ठिकाणी नेमका शब्द लागतो. आणि खजुराच्या बागेत तंट्याच्या जागा पुष्कळ.

पहिली जागा म्हणजे परागसिंचनाची. नराचा तुरा काढून मादीच्या तुऱ्यात खोवावा लागतो. वाऱ्यावर विसंबले तर पीक भरवशाचे येत नाही. या कामाला अरबीत 'ताबीर' म्हणतात. ते झाले नाही तर फळ बारीक, बेचव राहते आणि त्यातली बी नीट धरत नाही. अशा फसलेल्या फळालाही नाव आहे, 'शीस'. पैगंबर महंमद 622 मध्ये मक्केहून मदिनेला आले. मक्का हे व्यापाऱ्यांचे गाव, बागांचे नव्हे. मदिनेत लोक झाडावर चढून हे काम करताना त्यांना दिसले, तेव्हा याने काही साधत असेल असे वाटत नाही, असे ते म्हणाले. लोकांनी काम सोडले आणि त्या वर्षी शीस आले. हे कळल्यावर पैगंबरांनी सांगितले की तुमच्या संसारातल्या गोष्टी तुम्हांलाच अधिक कळतात. ही हकिकत मुसलमानांच्या प्रमाण हदीस-संग्रहांत नोंदलेली आहे. बागवानाच्या ज्ञानाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते!

आता कायदा पाहा. समजा, एकाने खजुराची झाडे विकली. झाडावरचे फळ कोणाचे? विकणाराचे की घेणाराचे? नियम असा झाला की ताबीर होऊन गेले असेल तर त्या हंगामाचे फळ विकणाराचे, घेणाराने आधी वेगळी अट घातली असेल तर गोष्ट निराळी. नियम साधा आहे, पण त्यामागचा न्याय बघा. ज्याने उन्हात झाडावर चढून मेहनत केली, फळ त्याचे. 'ताबीर' हा एक शब्द नसता तर हा नियम सांगायला दहा वाक्ये लागली असती आणि दहा पळवाटा निघाल्या असत्या.

दुसरी जागा म्हणजे झाडावरच्या फळाची विक्री. गरजू बागवान पीक हाती येण्यापूर्वीच व्यापाऱ्याला विकतो. आपल्याकडे मोहोरावरच बाग देण्याची चाल अनेक ठिकाणी आहे, त्यातला धोका तुम्हांला सांगायला नको. वादळ झाले, रोग पडला, की एकाचे पैसे बुडतात नाही तर दुसऱ्याचे मन. म्हणून नियम केला की फळाला तांबडा किंवा पिवळा रंग चढेपर्यंत ते विकू नये. या रंग चढण्याला 'झहव' असा खास शब्द आहे. देवाने फळच येऊ दिले नाही, तर भावाचा पैसा कोणत्या हक्काने घेणार, असा सवाल त्यासोबत नोंदलेला आहे. तसेच झाडावरचा ओला रुतब अंदाजाने देऊन त्याच्या बदल्यात मोजून वाळका तम्र घेणे, याला 'मुझाबना' म्हणत, आणि हा व्यवहार निषिद्ध ठरला. कारण ओले फळ सुकल्यावर किती भरेल हे नेमके कोण सांगणार? रुतब आणि तम्र हे दोन शब्द वेगळे होते, म्हणून तो व्यवहार वेगळा काढून दाखवता आला. एकाच 'खजूर' शब्दाने हे काम झाले नसते.

तिसरी जागा सरकारी आणि वाटणीच्या अंदाजाची. झाडावरचे पीक डोळ्यांनी पाहून किती भरेल हे ठरवणे याला 'खर्स' म्हणत. आपल्या भाषेत आणेवारी, आता म्हणतात पैसेवारी. 628 मध्ये खैबर हे बागांचे ठाणे मुसलमानांच्या हाती आले. तेथले ज्यू बागवान जमिनीवरच राहिले आणि निम्मे उत्पन्न द्यायचे ठरले. अंदाज करायला अब्दुल्ला इब्न रवाहा नावाचा माणूस गेला. बागवानांनी आपल्या बायकांचे दागिने गोळा करून त्याच्यापुढे ठेवले की अंदाज जरा हलका कर. त्याने ते घेतले नाहीत. उलट तो अंदाज करून म्हणे, या आकड्यावर तुम्ही पीक घ्या आणि आमचा वाटा द्या, नाही तर आम्ही घेतो आणि तुमचा वाटा देतो. निवड तुमची. मग कमीजास्त अंदाज करण्यात अर्थच उरत नाही! ज्यांच्यावर अंदाज बसवायचा होता त्यांनीच अखेर म्हटले की आकाश नि पृथ्वी अशाच न्यायावर तोललेली आहेत, असे ती हकिकत सांगते. पुढच्याच वर्षी, 629 मध्ये, मूताच्या लढाईत अब्दुल्ला मारला गेला. त्याची ही गोष्ट मात्र राहिली. आमच्या तालुक्याच्या कचेऱ्यांत ती भिंतीवर लिहून लावावी असे कधी कधी वाटते.

हा सारा प्रकार अरबांनीच सुरू केला असेही नाही. इराकच्या त्याच भूमीवर, ख्रिस्तापूर्वी अठराव्या शतकात, बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने जो कायदा काळ्या दगडावर कोरवला, त्यातही खजुराच्या बागांची कलमे आहेत. बाग परागसिंचनासाठी माळ्याला दिली तर उत्पन्नाचे दोन वाटे मालकाचे व एक माळ्याचा. माळ्याने काम न करता उत्पन्न घटवले, तर शेजारच्या बागेच्या मानाने त्याने भरपाई द्यायची. नवी बाग लावायला दिली तर माळ्याने ती चार वर्षे वाढवायची आणि पाचव्या वर्षी दोघांनी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची, त्यात पहिली निवड मालकाची. तो दगड 1901-02 च्या हिवाळ्यात इराणातील सुसा येथे सापडला आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्या काळच्या भाजक्या मातीच्या पाट्यांवर सुमेरी आणि अक्कादी शब्दांच्या याद्या सापडतात, त्यांतही खजुराच्या झाडाच्या भागांची नावे ओळीने दिली आहेत. त्या एका विषयावर लांड्सबर्गर नावाच्या पंडिताने 1967 मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे अरबी भाषेने जी शब्दांची बाग राखली, तिची मशागत त्या देशात तिच्याही आधी दोन-अडीच हजार वर्षे चालू होती.

आता तुम्हांला एक गंमत करायला सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी ती वर्गात जरूर करावी. खजूर खाल्ला की बी फेकू नका. ती बोटांत धरून नीट पाहा. तिच्यावर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. तो 'कित्मीर'. बीच्या एका बाजूला लांब खाच असते आणि त्या खाचेत एक बारीक दोरा असतो. तो 'फतील'. बी उलटी करा. पाठीवर टाचणीने टोचल्यासारखा एक ठिपका दिसेल. तो 'नकीर'. एवढ्याशा बीवर तीन नावे! आणि हे तीनही शब्द कुराणात आले आहेत ते न्यायाच्या आणि मालकीच्या संदर्भात. कोणावर फतीलाएवढाही अन्याय होणार नाही, हातात सत्ता आली तरी काही माणसे दुसऱ्याला नकीराएवढेही देणार नाहीत, आणि ज्यांना लोक देव मानून हाका मारतात त्यांची कित्मीराएवढ्यावरही सत्ता नाही, अशा आशयाची ती वचने आहेत. आपण तिळमात्र म्हणतो, गुंजभर म्हणतो, रतीभर म्हणतो. ज्याच्या घरात जे धान्य आणि ज्याच्या तराजूत जे वजन, त्याच्या भाषेत तेच माप येणार.

नात्यालाही या झाडाने शब्द दिला. एकाच बुंध्यातून दोन-तीन खोडे फुटली तर त्यांतल्या एकेकाला 'सिन्व' म्हणतात. आणि पैगंबरांचे एक वचन असे प्रसिद्ध आहे की चुलता हा बापाचा सिन्व असतो. चुलत्याचा मान का ठेवायचा, हे सांगायला याहून सोपा दृष्टांत मला तरी सुचत नाही.

हे शब्द आपल्यापर्यंत पोचले कसे? बागवान काही पुस्तके लिहीत नव्हते. येथे मला एका गावाचे नाव घ्यायचे आहे. ते म्हणजे बसरा. सातव्या शतकात, दुसरे खलिफा उमर यांच्या काळात, दक्षिण इराकात वसलेले हे ठाणे. त्याच्या एका अंगाला खजुराची राने, तर दुसऱ्या अंगाला वाळवंट. समुद्राच्या भरतीने नदीचे गोडे पाणी दिवसातून दोनदा चढून पाटापाटांतून बागेत शिरते, अशी तिथली नैसर्गिक सिंचनाची सोय. वाळवंटाच्या बाजूला 'मिरबद' नावाचा मोठा बाजार भरे. उंटांचे तांडे तिथे उतरत, कवी तिथे कविता म्हणत. आणि त्या गर्दीत काही विद्वान माणसे बदाऊनी लोकांना गाठून विचारीत, "याला तुम्ही काय म्हणता? त्याला काय म्हणता?"

त्या विद्वानांतला एक अस्मई. खलिफा हारून-अल्-रशीदच्या काळातला हा भाषापंडित. खजूर आणि द्राक्षवेल यांच्या शब्दांवरचा एक छोटा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. त्याचा शिष्य अबू हातिम अस्-सिजिस्तानी याने नवव्या शतकात खजुराच्या झाडावरच एक पुस्तक लिहिले, ते आजही उपलब्ध आहे. पुढे स्पेनमध्ये इब्न सीदा नावाचा कोशकार झाला, तो 1066 मध्ये वारला. तो आंधळा होता. त्याने अकारविल्हे कोश न करता विषयवार कोश रचला आणि त्यात खजुराच्या शब्दांना भरपूर जागा दिली. छापील स्वरूपात तो कोश सतरा भागांचा आहे. ज्या माणसाला झाड दिसत नव्हते, त्याने ते शब्दांनी जपून ठेवले! पुढे 1290 मध्ये इब्न मंझूरने 'लिसान-अल्-अरब' हा महाकोश पुरा केला, त्यात आधीच्या साऱ्यांचे धन एकत्र आले. या पंडितांचा मोठेपणा कशात, तर बागवानाची, उंटवाल्याची बोली लिहून ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

शब्द अर्थात एका जागी थांबत नाहीत. आज ईजिप्तमध्ये 'बलह' म्हणजे सरसकट खजूर. कोशकार ज्याला बुस्र म्हणत, त्या रंग चढलेल्या कडक फळाला इराकी बागवान 'खलाल' म्हणतात, आणि हिरव्या फळाला 'चिमरी'. आजच्या जगातले शेतीशास्त्रज्ञ इंग्रजीतून लिहितानासुद्धा फळाच्या अवस्था किमरी, खलाल, रुतब, तमर अशाच लिहितात. म्हणजे प्रयोगशाळेलाही बसऱ्याच्या बागवानाच्या तोंडचे शब्द उसने घ्यावे लागले.

आपलाही या बागांशी जुना संबंध आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी मसूदी हा अरब प्रवासी कोकणात सैमूरला, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला होता. तेथे ओमान, बसरा, बगदाद या ठिकाणांहून आलेली हजारो माणसे वसती करून आहेत, असे त्याने लिहिले आहे. खजूर घेऊन येणारी अरबांची गलबते नंतरही शतकानुशतके आपल्या किनाऱ्याला लागत राहिली. ओमानात खजुराचे काही घड बुस्र अवस्थेतच उतरवतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात. या कामाचे नावच 'तब्सील', बुस्रावरून पडलेले 'बुसूर' हे त्या मालाचे नाव, आणि त्याचे जुने गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थान. आपण खारीक म्हणतो ती बहुतांशी याच रीतीने होते. सुवासिनीची ओटी भरताना हळकुंड, सुपारी, बदाम यांच्या सोबत जी खारीक पडते आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत जी खारकेची पूड असते, तिच्यामागे घड नेमका कोणत्या दिवशी उतरवायचा हे जाणणारी एक नजर आहे, आणि त्या दिवसाला नाव देणारी एक भाषा आहे.

आता थोडी दुःखाची गोष्ट. विसाव्या शतकाच्या मध्यास इराकात खजुराची झाडे तीन कोटींच्या घरात मोजली जात. 1980 ते 1988 या आठ वर्षांत इराण-इराक युद्ध झाले आणि बसऱ्याच्या नदीकाठच्या बागा रणभूमीत सापडल्या. झाडे जळाली, तोडली गेली. पुढे नदीचे पाणी घटले आणि समुद्राचे खारे पाणी आत चढू लागले. जिथे मिरबदच्या पंडितांनी शब्द गोळा केले होते, तिथेच झाडे उघडी पडली. झाड गेले की त्याच्यावर चढणारा जातो, आणि चढणारा गेला की त्याचे शब्द जातात. 2019 मध्ये युनेस्कोने खजुराच्या झाडाविषयीचे ज्ञान, कौशल्ये आणि चालीरीती यांना मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. अनेक अरब देशांनी मिळून ती मागणी केली होती, आणि 2022 मध्ये त्यात आणखी एक देश सामील झाला. यादीत नाव लागल्याने झाडे उगवत नाहीत, हे खरे. पण अबू हातिमने हजारांहून अधिक वर्षांपूर्वी जे लिहून ठेवले, ते निदान पुसले गेले नाही, एवढे मात्र तेथल्या मुलाला आज म्हणता येते.

आपल्याला असे म्हणता येईल काय? मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या वर्गात शेतकऱ्यांचीच मुले अधिक. एकदा मी विचारले, ज्वारी चिकात आली म्हणजे काय? साठ मुलांत सात-आठ हात वर झाले. दोष मुलांचा नाही. कोणाच्या रानात आता ऊस आहे, कोणाच्या सोयाबीन आहे. पीक बदलले, अवजार बदलले, शब्द मागे पडले. पण ज्या माणसांच्या तोंडी ते शब्द आहेत, ती अजून पारावर बसलेली आहेत.

म्हणून माझी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. एक साधी वही घ्या. मुलांना सांगा, आजोबांना विचारा, नांगराच्या भागांना काय म्हणत? मोटेच्या? कणसाच्या एकेका अवस्थेला काय म्हणतात? माडाला, केळीच्या घडाला, शिंदीच्या झाडाला काय काय नावे आहेत? जे सांगतील ते त्यांच्याच उच्चारात लिहा आणि गावाचे नाव व तारीख घाला. अस्मईजवळ याहून वेगळे साधन नव्हते. विचारण्याची इच्छा होती आणि सांगणाऱ्याविषयी आदर होता.

आणि श्रोतेहो, पुढच्या मृगात कोणी तुम्हांला विचारील, "यंदा खरीप कसा?" तेव्हा उत्तर पिकापाण्याप्रमाणेच द्या. फक्त मनात क्षणभर त्या अनोळखी बागवानाची आठवण ठेवा, जो कमरेला दोर बांधून उंच झाडावर चढला होता आणि ज्याच्या हातातल्या घडावरून आपल्या हंगामाला नाव मिळाले.